हा प्रकार कळवला जाईल

पडद्यावरची ओळ किल्लीताईंनी पुन्हा वाचली. ‘तुमचं नाव अॅडमिनच्या यादीत नाही. हा प्रकार कळवला जाईल.’

“हात्तिच्या,” त्या पुटपुटल्या. दुसऱ्या कुणाच्या नावानं आत शिरलो असू, झालं. त्यांनी वरचं नाव तपासलं. नाव त्यांचंच होतं. आज्ञा पुन्हा दिली. ओळ पुन्हा आली, तशीच्या तशी.

आता ही ओळ काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. इस्पितळातले सगळे संगणक, वॉर्डातले, प्रयोगशाळेतले, रक्तपेढीतले, एकाच मोठ्या यंत्राला जोडलेले. ते यंत्र तळमजल्यावरच्या एका गारठलेल्या खोलीत. त्यावर काम करणारी माणसं चारशे, पण कुणाला कुठली नोंद उघडता यावी हे ठरवायचा हक्क फक्त अॅडमिनच्या यादीतल्यांना. बावीस वर्षं त्या यादीत ताईंचं नाव होतं, म्हणून तर त्या किल्लीताई. कुणी नको तिथे बोट घातलं की यंत्र ही ओळ दाखवायचं आणि अॅडमिनला पत्र टाकायचं. मग ताई फोन उचलून विचारायच्या, “काय हो सिस्टर, कुणाच्या घरात शिरताय?” अर्धं इस्पितळ या ओळीला टरकून असे. ताईंना मात्र तिचं हसू यायचं, कारण कळवणार कुणाला, तर त्यांनाच.

आज हसू आलं नाही.

घडलं होतं ते एवढंच. रक्तपेढीच्या काकांचा फोन आला. “ताई, नवीन आलेल्या बाईंना साठ्याची नोंदवही उघडत नाहीये. कालच तर तुम्ही त्यांचं नाव घातलंत. दुपारी ऑपरेशनं आहेत, मी एकटा कुठे कुठे पुरा पडू?” आपणच रक्तपेढीच्या गटात, म्हणजे तिथली नोंदवही उघडता येणाऱ्यांच्या यादीत, शिरून बघावं, म्हणून ताईंनी स्वतःचं नाव त्या गटात टाकायची आज्ञा दिली. ती देताना एक गोष्ट सांगायची असते: आधीच्या गटांसोबत टाक. ते सांगितलं नाही तर यंत्र समजतं की हा माणूस आता फक्त याच गटात राहणार, आणि बाकी सगळीकडून त्याला काढून टाकतं. अॅडमिनच्या गटातूनही. विचारत नाही, कुरकुरत नाही. ताईंनी पुढची आज्ञा दिली तेव्हा ही ओळ आली.

संगणक विभागाच्या वहीत पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहिलं होतं, ‘सोबत म्हणायला विसरू नका.’ अक्षर ताईंचं. चार इंजिनिअरांना त्यांनीच ते शिकवलेलं, एकाला तर भर विभागात झापलेलं. आणि विसरल्या कोण, तर त्याच.

त्यांना आई आठवली. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी एकच गोष्ट दोनदा सांगायची, सगळे हसायचे. मग एका सकाळी स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या ताईंना तिनं विचारलं, “बाई, तुम्ही कुणाकडे आलात?” तेव्हा आई एकोणसाठची होती. ताईंना सत्तावन्नावं चालू होतं. गेल्या महिन्यात बैठकीत त्यांनी एकच प्रश्न दोनदा विचारला. परवा घराच्या कुलपाला ऑफिसची किल्ली लावत त्या पाच मिनिटं दारात उभ्या होत्या. दमलोय आपण, म्हणून त्यांनी ते झटकून टाकलं होतं. हे कसं झटकायचं?

“ताई, चहा सांगू?” शेजारच्या टेबलावरून बारकीनं विचारलं. बारकी म्हणजे विभागातली इंजिनिअर. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच, म्हणून बारकी.

“नको गं.” ताईंनी पडदा जरा स्वतःकडे वळवला.

“चेहरा का असा पांढराफटक पडलाय?”

“एसी लागतोय. तू तुझं बघ.”

यादीत दुसरं नाव विभागाच्या साहेबांचं होतं. ते दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेले, तसं त्यांचं नाव काढलं. त्यांच्या जागी बारकीचं नाव घालायचं ठरलं होतं. आज घालू, उद्या घालू असं चाललं होतं. खरं सांगायचं तर ताईंचा हात धजावत नव्हता. बावीस वर्षं कमरेला असलेली किल्ली अशी कुणी पटकन देतं का? आता यादी रिकामी होती. बाहेरून माणूस बोलवावा लागणार, यंत्र बंद करावं लागणार, दिवसभर एका रुग्णाचा रिपोर्ट दिसणार नाही. मग सगळे विचारणार, हे झालं कसं? आणि मग हळू आवाजात, ताईंना काय झालंय?

आणि तेवढ्यात त्यांना सकाळ आठवली. आठला त्या गार खोलीत गेल्या होत्या. यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर त्यांनी अॅडमिनची खिडकी उघडली होती. एकदा उघडलेल्या खिडकीला यंत्र पुन्हा यादी विचारत नाही. ती उघडी असेल तर अजूनही सगळं करता येईल. पण उघडी कशी असेल? खिडकी बंद केल्याशिवाय उठायचं नाही हा तर त्यांचाच नियम. शिवाय चार तास कुणी हात लावला नाही तर ती आपोआप मिटावी, ही सोयही त्यांचीच. घड्याळात बाराला दहा कमी होते.

बंद केली होती का? त्यांनी डोळे मिटले. खुर्ची आठवली, खोलीतली घरघर आठवली, बोटांना लागलेला गारठा आठवला. पुढचं काही केल्या आठवेना. बंद केली असेल तर आपलं डोकं ठिकाणावर होतं, पण सगळं बुडालं. नसेल केली तर इस्पितळ वाचलं, आणि आपण… पुढचं त्यांनी मनातसुद्धा येऊ दिलं नाही.

विसरलेली असू दे रे देवा, असं म्हणत त्या उठल्या.

जेमतेम वीस पावलांचा बोळ होता. मागे टेबलावरचा फोन वाजायला लागला, काकाच असणार. कुलपाला पहिली किल्ली लागली नाही. घराची होती. “अगं बाई,” त्या घाबरून म्हणाल्या आणि दुसरी लावली. आत पडदा काळा होता. त्यांनी एक कळ दाबली.

खिडकी उघडी होती.

ताई खुर्चीत बसल्या. आधी सुटल्यासारखं वाटलं, अगदी रडू येईल इतकं. आणि त्याच श्वासाला तेवढीच भीती वाटली. एकाच सकाळी दोनदा. एक विसरणं दुसऱ्याला निस्तरत होतं. तिसरं कोण निस्तरणार?

त्यांनी स्वतःचं नाव पुन्हा यादीत घातलं, ‘सोबत’ म्हणून. दोनदा तपासलं. मग त्याखाली बारकीचं नाव घातलं, खिडकी बंद केली आणि बंद झालेल्या पडद्याकडे बघत “बंद केली” असं मोठ्यानं म्हणाल्या.

बाहेर येईपर्यंत काकांचा फोन बारकीनं घेतला होता. “काही नाही ताई, त्या बाई कालपासून यंत्रातून बाहेरच पडल्या नव्हत्या. एकदा बाहेर पडून परत आत या म्हटलं, झालं सुरू. नाव घातल्यावर ते करावंच लागतं ना, तुम्हीच शिकवलंय.”

शिकवलं होतं खरं. सगळ्यात आधी विचारायची गोष्ट ती, आणि ती ताईंना सुचलीच नव्हती.

त्यांनी आपली खुर्ची ओढून बारकीजवळ नेली आणि सगळं सांगितलं. आईचंही सांगितलं. “मला भीती वाटते गं,” त्या शेवटी म्हणाल्या. “फार भीती वाटते.”

“अहो, चूक कुणाचीही होते ताई.”

“होते की. म्हणून उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. ते काय सांगतील ते तूही ऐक. माझ्या लक्षात राहिलं नाही तर तुझ्या राहील.” बारकीचा कळफलक पुढे ओढून त्या स्वतःच्या नावानं आत शिरल्या. यंत्राची पत्रं बारकीच्या नावावर वळवली. मग स्वतःचं नाव साध्या नोंदणीच्या गटात टाकायची आज्ञा लिहिली.

“ताई, थांबा! सोबत म्हणायचं राहिलं.”

“राहिलं नाही,” ताई म्हणाल्या आणि कळ दाबली.

यंत्र गप्प राहिलं. काम बरोबर झालं की ते काही बोलत नाही. ताई आपल्या टेबलाशी गेल्या, बाहेर पडून पुन्हा आत शिरल्या आणि नेहमीची आज्ञा देऊन पाहिली. ‘तुमचं नाव अॅडमिनच्या यादीत नाही. हा प्रकार कळवला जाईल.’

बारकीच्या संगणकावर टिंग वाजलं.

“ताई, पत्र आलंय,” ती कशीबशी म्हणाली. “तुमचं नाव आहे.”

“मग बघतेस काय? फोन कर.”

ताईंच्या टेबलावरचा फोन वाजला. चार हातांवर बसलेली बारकी पाठ वळवून बोलत होती. “काय हो ताई,” तिनं विचारलं, “कुणाच्या घरात शिरताय?”

“चुकून शिरले हो,” ताई म्हणाल्या. “पुन्हा नाही होणार.”