कारंज्याभोवतीचा रेडा

ही गोष्ट २०२३ सालच्या मे महिन्यातली. त्या वर्षी वसईत माणिकपूरच्या पुढे उभ्या राहिलेल्या ‘सागरदर्शन’ संकुलात पाण्याचा टँकर दुधाच्या पिशवीपेक्षा नियमित येत होता, आणि सागर कुठल्याच गॅलरीतून दिसत नव्हता. संकुलाच्या मध्यावर बाग होती, बागेच्या मध्यावर कारंजं होतं, आणि कारंज्यात पाणी सोडून सगळं होतं: सुकी पानं, वेफरची पाकिटं, कुणाच्या तरी पोराची एक चप्पल.

इझाबेल त्या बागेत बसली की तिला जुनी वाडी दिसे. दिसणारच. घसरगुंडी आहे तिथे पानवेली होत्या, बाकं आहेत तिथे केळी, आणि कारंजं बरोबर तिच्या सासऱ्यांच्या विहिरीवर बसवलेलं. विहिरीवर रहाट होता. तिचा नवरा रुडॉल्फ पहाटे रेडा जुंपून वाडी शिंपायचा. रहाटाची कुरकुर ऐकून आजूबाजूच्या बायका चुली पेटवायच्या. गजराचं घड्याळ आळीत कुणाकडेच नव्हतं. पुढे त्यांच्या मुलाने, जॅक्सनने, वाडी बिल्डरला दिली आणि बदल्यात दुसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं.

रुडॉल्फला आता फारसं आठवत नसे. सकाळी काय खाल्लं ते नाही, जॅक्सनचं नाव तर एक दिवसाआड. पण वाडी शिंपायची राहिलीय, हे तो कधी विसरला नाही. रोज काठी घेऊन खाली उतरे, कारंज्याभोवती फिरे, आणि मनासारखे फेरे झाले की वर येऊन बोंबलाच्या कालवणाशी भाकरी पोटभर खाई. फेरे झाले नाहीत तर ताटाला हात लावत नसे. मागे रंगकामासाठी बाग बंद होती, तेव्हा त्याला सलाइन लावायची पाळी आली होती.

भानगड एवढीच, की रुडॉल्फ उलटा फिरे. बाग समितीने फरशीवर पिवळे बाण रंगवले होते; सगळ्यांनी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे चालायचं. रोज सकाळी हास्यक्लबची अख्खी रांग हसत हसत समोरून यायची आणि रुडॉल्फपाशी येऊन हसायची थांबायची.

समितीचे चेअरमन होते शत्रुघ्न भोईर. खाडीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा, सातिवलीला टाइल्सचं गोडाऊन, मान जाड, पाठ रुंद. ते सेक्रेटरी स्वप्नालीला घेऊन रविवारी इझाबेलकडे आले. ती नुकतीच चर्चमधल्या मिस्साहून परतली होती.

“इझाबेलबाय, तुम्ही समजूतदार. काकांना सांगा, एकतर सगळ्यांसारखं फिरा, नाहीतर घरी बसा. काल माझ्या बायकोला काठीने बाजूला सारलं त्यांनी.”

“लागलं का तिला?”

“लागलं नाही. पण ‘हट्’ म्हणाले.”

“तिला ‘हट्’ तरी म्हणाले. मला जन्मभर नुसतं ‘हं’ म्हणतात.”

“आंटी, रूल म्हणजे रूल ना,” स्वप्नाली म्हणाली. “सगळे एका डायरेक्शनने गेले की फ्लो राहतो.”

“आणि प्रदक्षिणासुद्धा अशीच घालतात,” चेअरमन म्हणाले.

“देवाला घाला की. कारंज्याला कोण नवस बोललंय?”

पण ठराव झाला होता. उद्यापासून रुडॉल्फ उलटा फिरला, तर त्याला बाग बंद. बाग बंद म्हणजे भाकरी बंद, आणि भाकरी बंद झाली की काय होतं ते इझाबेलने पाहिलं होतं.

ती नवऱ्यापाशी बसली. “अहो, उद्यापासून सगळे फिरतात तसं फिरायचं.”

रुडॉल्फने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तीच भ्रमिष्ट झालीय. “अगं, रेडा उलटा फिरवला तर पोहरे पालथे वर येतात. पाणी विहिरीतच राहतं.” मग खिडकीतून खाली बोट दाखवून म्हणाला, “ही एवढी माणसं रोज पाणी खाली ढकलतायत, आणि वरती टँकर मागवतायत. शहाणी माणसं!”

सोमवारी सकाळी चेअरमन स्वतः बाणावर हात पसरून उभे राहिले. रुडॉल्फ थांबला. त्याने त्यांच्याभोवती एक चक्कर मारली, मान चाचपली, पाठीवर थाप टाकली, आणि त्याचा चेहरा उजळला.

“हिऱ्या! कुठे होतास रे इतके दिवस?”

हिऱ्या म्हणजे त्यांचा शेवटचा रेडा. इझाबेलने डोळेच मिटून घेतले. रुडॉल्फने काठी हळूच चेअरमनच्या पाठीला टेकवली. “चल राजा. चल, उन्हं चढली.”

आणि शत्रुघ्न भोईर चालू लागले. नंतर ते सांगत, की चालता चालता समजूत घालावी असा विचार होता. पण त्या हाकेत काहीतरी होतं खरं. मागच्यांनी पाहिलं, की चेअरमन उलटे निघालेत. त्यांना वाटलं, ठराव बदलला. आधी हास्यक्लब वळला, मग योगवाले, मग बाबागाड्या. स्वप्नालीने ग्रुपवर विचारलं, “आज डायरेक्शन चेंज आहे का?” आणि उत्तर यायच्या आत तीही वळली.

सगळी बाग उलटी फिरू लागली, तेवढ्यात कारंजं खोकलं. आधी थोडी माती ओकलं, मग एक घाबरलेला बेडूक आणि मग पाणी.

“पानी!” सोसायटीची भाषा विसरून चेअरमन ओरडले. “आयला, पानी आला!”

त्याच सकाळी टाक्याही भरल्या. प्लंबरने बापड्याने हातातली चप्पल दाखवली. म्हणाला, कारंज्याच्या पाइपात अडकली होती, आणि वरची लाइन पालिकेने आजच सोडलीय. लोकांनी विचारलं, “मग आजच कशी सोडली?”

मंगळवारी खात्री करायला सगळे पुन्हा बाणांप्रमाणे फिरले. थेंब आला नाही. संध्याकाळी तातडीची सभा झाली, बाण उलटे रंगवायचं ठरलं, आणि दर घरामागे एका माणसाने फिरायचं. रेड्याच्या जागी पाळी लावावी, अशी सूचना चेअरमनच्या बायकोने केली. जॅक्सनला उभं केलं. रुडॉल्फने त्याचे दात पाहिले आणि म्हणाला, “हा नको. याच्यात दम नाही.” पुन्हा भोईरच.

आता वेगळंच संकट आलं. थांबायचं कधी, हे कुणालाच कळेना. रेडा हाती लागल्यावर रुडॉल्फ सोडीना, म्हणून चेअरमन थांबेनात. चेअरमन थांबेनात, म्हणून कुणीच थांबेना. ऑफिसं बुडू लागली, सातिवलीच्या गोडाऊनला कुलूप राहिलं. तेव्हा सगळ्यांनी इझाबेलकडे पाहिलं. काय करायचं ते तिला ठाऊक होतं. वाडीत ती पाटाच्या शेवटी उभी असायची आणि पाणी शेवटच्या केळीच्या बुंध्याशी पोचलं, की हाळी द्यायची. कित्येक वर्षांनी तिने घसा साफ केला आणि घसरगुंडीपाशी उभी राहून ओरडली,

“भिजली हो वाडी! सोडाऽऽ!”

रुडॉल्फने काठी खाली घेतली, चेअरमनची मान कुरवाळली, आणि वर जाऊन तीन भाकऱ्या खाल्ल्या.

रुडॉल्फ दोन वर्षांनी गेला, जेवून उठल्यावर. त्याची पेटी बागेला एक उलटा फेरा घालून चर्चला नेली. जॅक्सनपेक्षा शत्रुघ्न भोईर जास्त रडले. नातेवाइकांनी विचारलं, “तुमचे कोण लागत होते?” ते म्हणाले, “मालक.” त्यांची साखर आता ताब्यात आहे. स्वप्नाली लग्न होऊन डोंबिवलीला गेली. तिथल्या बागेत उलटी फिरते म्हणून तिला नोटीस आलीय. जॅक्सन आरशापुढे उभा राहिला की अजून दात बघतो.

पाणी कधी येतं, कधी येत नाही. नाही आलं, तर कुणीतरी चोरून सरळ चाललं असणार, असं म्हणतात.

इझाबेल आहे. परवा तिचा गुडघा धरला होता, म्हणून ती खाली उतरली नाही. भाकरी थापता थापता अकरा वाजले, तेव्हा जॅक्सन घामाघूम होऊन वर आला.

“मम्मी, सोड ना आता आम्हाला!”

तिने पिठाचे हात पदराला पुसले, गॅलरीत आली, आणि खाली गोल गोल फिरणाऱ्या त्या सगळ्या माणसांकडे जरा वेळ नुसती बघत राहिली. मग तिने हाळी दिली.