पुढे कोणीच नसताना

कुरांबीन गावातल्या पोहण्याच्या तलावावर दर शुक्रवारी संध्याकाळी क्लबच्या शर्यती व्हायच्या, आणि त्यांचा न्याय उलटा होता. सगळ्यांत संथ माणूस आधी सुटणार, मग त्याच्याहून जरा बरा, आणि गावातला सगळ्यांत वेगवान अगदी शेवटी. हिशेब जमला तर भिंतीला सगळ्यांचे हात एकदमच लागावेत. हिशेब करायचा मर्व्ह टिलॉटसन. तो तलावाचा रखवालदार, क्लबचा प्रशिक्षक आणि स्वतःच्या मते या देशाने वाया घालवलेला एक थोर माणूस.

पहिली सुटायची नॅन डल्सी. चौऱ्याहत्तर वर्षांची, एक गुडघा नवा बसवलेला. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना तिने जन्मभर रांधून वाढलं होतं, त्यामुळे तोंडाला लगाम नव्हता. ती उडी मारत नसे. कडेच्या शिडीवरून गार पाण्याला शिव्या घालत उतरे आणि कडेच्याच पट्ट्यातून, भिंतीकडे तोंड करून श्वास घेत, निवांत हात मारत निघे. तिची सख्खी नातवंडं शहरात होती, पण अख्खं गाव तिला नॅन, म्हणजे आजीच म्हणायचं.

शेवटची सुटायची ब्रायनी हॅस्केल, पंधरा वर्षांची. बाकीचे सगळे पुढे पाणी उडवत चाललेले आणि ती एकटी उडी मारायच्या ठोकळ्यावर वाकून उभी. मर्व्हने ‘जा!’ म्हटलं, की ती मेंढ्यांमागे सोडलेल्या कुत्र्यासारखी सुटायची. एकेकाला मागे टाकत जायची. ते बघायला लोक भाजलेल्या सॉसेजसाठी लावलेली रांग सोडून काठावर यायचे.

गावाबाहेर गेली की मात्र ही पोर माती खायची. मोठ्या स्पर्धांत सगळ्या एकदम सुटतात. दोनशे मीटरच्या शर्यतीत निम्म्यापर्यंत ब्रायनी पुढे असायची, आणि पुढे गेली की तिचं काहीतरी बिनसायचं. डोकं वर यायचं, डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची, हात आखूड पडायचे आणि मागच्या पोरी तिला ओलांडून जायच्या. बापाचं म्हणणं, केळी कमी पडतात. शाळेतल्या बाई म्हणायच्या, दीर्घ श्वास घे. मर्व्ह म्हणायचा, हिच्यात भूक नाही, आणि तिला आणखी थोराड मुलांच्या मागे सोडायचा. सगळी भली माणसं होती, पण पोरीच्या डोक्याचं त्यांनी पार भरीत करून टाकलं होतं.

जिल्ह्याची स्पर्धा पंधरवड्यावर आली तेव्हा ब्रायनी आईला म्हणाली, “या वेळी तसंच झालं तर मी पोहणं सोडणार.” ती रागावून म्हणाली असती तर चाललं असतं. तिने ते अगदी शांतपणे सांगितलं, म्हणून आईला धडकी भरली.

त्या शुक्रवारी आईची सॉसेज भाजायची पाळी होती. कांदा परतता परतता तिने हे नॅनच्या कानावर घातलं. नॅनने बोटाला लागलेला सॉस चाटला आणि हाक मारली.

“मर्व्ह! इकडे ये.”

“नॅन, मी वेळा लिहितोय.”

“लिहून काय दिवे लावलेस ते दिसतंय. मला सांग, ही पोर आजवर कधी पुढे राहिलीय?”

“पुढे? अगं, दर शुक्रवारी जिंकते ती!”

“ते भिंतीला हात लावताना. त्याच्या आधी? एवढीशी होती तेव्हापासून तू तिला लोकांच्या ढुंगणामागे पोहायला लावतोयस. पुढे पाय दिसले की पोहते. पाय नसले तर गाठायचं कुणाला रे तिने? तळाच्या काळ्या रेषेला?”

मर्व्हने वेळांची वही मिटली.

“आज तिला माझ्याबरोबर सोड,” नॅन म्हणाली. “सगळ्यांच्या आधी.”

“मग ती जिंकणारच. त्यात काय मजा?”

“जिंकते का बघू.”

ब्रायनीने उडी मारली. नॅन अजून शिडीच्या दुसऱ्या पायरीवर शिव्या देत होती. पुढचं सगळं पाणी रिकामं, काचेसारखं नितळ. ब्रायनी तलावाच्या मध्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. पाण्यात पाय मारत उभी राहिली आणि मागे वळून बघू लागली. आपलंच चुकलं, मर्व्हने ‘जा’ म्हणायच्या आधीच आपण सुटलो, असं तिला वाटलं. तेवढ्यात नॅन संथपणे हात मारत तिच्या शेजारून पुढे निघून गेली.

काठावर हशा पिकला. नॅनने जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी मागे टाकलं होतं. मर्व्ह मात्र हसला नाही. हातातलं घड्याळ बंद करायचंही तो विसरला.

शर्यत संपल्यावर ब्रायनी कडेच्या शिडीला धरून बसली. डोळे लाल झालेले. त्याचा दोष गॉगलवर ढकलता येत होता, एवढं बरं.

“नॅन, तुला भीती नाही वाटत? मागून सगळे येत असतात.”

“येणारच. ते त्यांचं काम.”

“पण कुठवर आलेत हे बघावंसं वाटत नाही?”

“बघून करू काय? गुडघा पळायला लागणार आहे का माझा?” नॅनने टोपी काढून पिळली. “मी आपली भिंतीकडे तोंड करते. आणि सुटल्या सुटल्याच समजते, की सगळे केव्हाच पुढे गेले. मग कटकट संपली. उरलेलं पाणी आपलं.”

“हे असं कसं समजायचं? मला तर जिंकायचंय.”

“मग जिंक ना. मी कुठे अडवलंय? पण आधी ते पाणी तरी पोहून टाक, बये.”

दुसऱ्या सकाळपासून मर्व्हने उलटा क्रम लावला. ब्रायनी आधी, थोराड मुलं मागून. पहिले काही दिवस फार वाईट गेले. मान आपोआप वळायची. मर्व्ह ओरडला नाही, आणि हे त्या तलावावर आजवर कुणी पाहिलं नव्हतं. चूक झाली असंही तो म्हणाला नाही. फक्त एके दिवशी सराव संपल्यावर सॉसेज-पाव घेऊन आला, तिच्या हातात दिला आणि निघून गेला. ब्रायनीला ते पुरेसं वाटलं.

जिल्ह्याच्या प्राथमिक फेरीत ती पुन्हा एकदा मागे वळून बघून बसली. कशीबशी अंतिम फेरीत आली, आणि जेमतेम आत आलेल्यांना देतात तो कडेचा पट्टा तिला मिळाला. बापाचा चेहरा पडला. आईने हातातला सॉसेज-पाव न खाताच पिशवीत ठेवला. पहिल्या दोघी राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या, आणि कडेच्या पट्ट्यातून कोण कधी जिंकतं? छत्री घेऊन बाकावर बसलेली नॅन तेवढी खूश झाली.

“कडेचा! अगं, माझा पट्टा मिळाला तुला!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली की पंचांनी वळून बघितलं.

ब्रायनी सुटली. जाताना भिंतीकडे तोंड, येताना भिंतीकडे तोंड. निम्मी शर्यत झाली आणि ती जुनी खाज मानेत उठली. बघ. एकदाच बघ. तिने बघितलं नाही. तळाशी कुणाच्या तरी टाचेवरून सुटलेली एक मळकी चिकटपट्टी पडली होती. ती पट्टी तिने नीट बघितली आणि पुढे गेली.

मग शेजारून पाण्याचा आवाज आला. जोराचा. शेजारची पोर पुढे गेली, असं तिला वाटलं. त्याच्या पलीकडची पण गेली असणार. गेल्या, सगळ्या गेल्या. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आईला काय सांगायचं तेही मनात येऊन गेलं. आणि तरी, उरलेलं पाणी होतं. ते पाणी तिचं होतं. हात दुखत होते, छाती फुटायची राहिली होती, पण या वेळी हात आखूड पडले नाहीत. एकही नाही.

तिने भिंतीला हात लावला आणि कपाळ फरशीला टेकवून तशीच राहिली. शेजारच्या पट्ट्यात कोणी नव्हतं. एवढ्यात बाहेरसुद्धा निघाल्या? पण शेवटचा हात लागेपर्यंत पाण्यातून कोणी निघत नाही, हा तर क्लबचा नियम. इथल्या पोरींना एवढंही कळू नये?

ती वळली. समोरून टोप्या येत होत्या. त्यांतल्या पहिलीला भिंत गाठायला अजून चांगले दोन हात मारायचे होते. बाकीच्या तिच्या मागे.

मर्व्ह काठावर खाली बसला होता आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला होता. बाप कुणा अनोळखी माणसाला मिठी मारत होता. नॅन छत्री टेकत टेकत, गुडघ्याला शिव्या घालत कडेपर्यंत आली.

“मागे बघितलंस?”

“नाही.”

“मग एवढी जोरात कशी आलीस? पुढे आहेस हे कळलं होतं ना?”

“नाही गं.” ब्रायनीला अजून धाप लागलेली होती. “मला वाटलं, सगळ्या केव्हाच गेल्या. मला वाटलं, मीच शेवटची.”

“आणि तरी पोहत राहिलीस?”

ब्रायनीने मान डोलावली. नॅनला पहिल्यांदाच शिवी सापडेना. तिने छत्री बाजूला ठेवली, नव्या गुडघ्याची पर्वा न करता खाली वाकली आणि पोरीची ओली टोपी दोन्ही हातांत धरली.

“मी दर शुक्रवारी तशीच पोहते, पोरी,” ती म्हणाली. “तसं पोहून कुणी जिंकलेलं मात्र आज बघितलं.”