घोंगड्याचा दुसरा पट्टा

गोव्यास घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची ही गोष्ट. शिरगावच्या खाणीवर यशवंत मजुरी करीत असे. तो व त्याची पत्नी आनंदी मूळचे बेळगाव जिल्ह्यातील धनगर. त्यांची कन्या गंगा हिचा विवाह गावी ठरला होता. घराण्याच्या रीतीप्रमाणे वधूवरांना ज्या घोंगड्यावर बसवावयाचे, त्याचे सूत घरच्याच काळ्या मेंढरांच्या लोकरीचे व वधूच्या आईने कातलेले असावे लागे. थोरल्या दिराने, अनंताने, ती मेंढरे विकून वजनदार पांढरी आणली होती; काळ्यांची अखेरची लोकर तेवढी त्याने आनंदीकडे पाठविली.

घोंगडे दोन पट्टे मधोमध शिवून सिद्ध होत असते. एका पट्ट्याचे सूत आनंदीने चातीवर कातून हातावेगळे केले. उरलेली लोकर पिशवीत होती. एके दिवशी ती पाणी भरून परतली, तो शेजारीण कमल हसतमुखाने दारात उभी. त्या मुलखात मेंढरे कोणी पाळीत नाही.

"आनंदीबाय, तुझ्या लोकरीक घाण मारी होती गे. कढत पाण्यात साबण घालून मियां बरी बडवून धुतलंय."

आनंदीने एक बट ओढून पाहिली. सुटेना. अंगचे तेल जाऊन लोकर आपापसात आवळली होती. तिचा जाड थापा झाला होता. त्यातून आता सूत निघणे नव्हते. हे समजताच कमल पायरीवरच बसली. आनंदीने तिला बोल लावला नाही, चहा दिला. जाताना कमल तो थापा आपल्या घरी घेऊन गेली.

यशवंताने म्हापशाच्या बाजारातील काळे सूत सुचविले. कोणास कळणार, असे त्याचे म्हणणे. ज्यावर देवाचा भंडारा पडावयाचा त्यात लबाडी नको, इतके सांगून आनंदी अंथरुणाकडे वळली. तेथे तिच्या स्वतःच्या लग्नातले घोंगडे होते. सूत तिच्या आईचे, मेंढरे माहेरची. रीतीत ते पुरते बसत नाही हे जाणूनही तिने मधली शिवण उसवली आणि त्यातला एक पट्टा नव्या सुताच्या विणलेल्या पट्ट्यास जोडला.

मांडवात वराच्या वृद्ध चुलत्याने घोंगड्यावर तळहात फिरविला. एक बाजू खरखरीत, दुसरी मऊ. त्याने विचारले, आनंदीने साबणासकट सारे सांगितले. म्हाताऱ्याने पुन्हा हात फिरविला.

"म्हंजे हिकडं आई, तिकडं आजी," तो म्हणाला. "नवरीला मऊ बाजू द्या. टोचतीया ती नवऱ्याला. आत्तापास्नं सवं लागू दे त्याला."

हशा पिकला. आनंदीने शिवणीवर भंडारा वाहिला व ती बाजूस झाली.

शिरगावी उरलेला एक पट्टा उभयतांना रुंदीस अपुरा पडू लागला. तेव्हा कमलने जपून ठेवलेला तो थापा आनंदीने मागून घेतला आणि कडेला शिवून टाकला.