खळ खाणारी पावडर आणि चंद्रीचा पेंढा

मी एक जुना सागवानी टब आहे. आता माझ्या फळ्या झिजल्यात, पण एके काळी लालबागच्या गिरणीत माझा काय थाट होता म्हणून सांगू!

मित्रांनो, विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ लावतात. कापड विणून झालं की ती काढावी लागते. त्यासाठी माझ्यात कोमट पाणी ओतून एन्झाइमची पावडर कालवायचे. त्यात भिजलं की कडक कापड कसं मऊसूत व्हायचं! पावडर खळ तेवढी खायची, सुताला दातही लावायची नाही. हे मी वर्षानुवर्षं पाहिलेलं.

पुढे मी गळायला लागलो, तेव्हा खळ काढायच्या खात्यात कामाला असलेल्या जयवंतने मला घरी आणलं. मला डांबर फासलं आणि चाळीमागच्या गोठ्यात चंद्रीच्या पाण्यासाठी ठेवलं. चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. जयवंतच्या बायकोने, सुभद्राने, तिला पारडी असल्यापासून वाढवलेलं.

मग गिरण्यांचा संप झाला, पगार थांबला. घर चंद्रीच्या दुधावर चालू लागलं आणि चंद्री जवळजवळ पेंढ्यावरच. सरकीची पेंड मूठ-मूठच परवडे. एके दिवशी जयवंतने फळीवरचा डबा काढला. त्यात गिरणीतली उरलेली पावडर होती.

"ह्या पावडरीन कडक कापाड मऊ पडता, मगे पेंढो पडूचो नाय?"

"पण पेंड अगदीच बंद करू नकात हां," सुभद्रा म्हणाली.

त्याने माझ्यातल्या पाण्यात पावडर कालवली, पेंढा भिजवला आणि वर कोरा, कडक पंचा टाकला. अरे बाबा, ही पावडर पेंढ्याची काडी खाणार नाही! मला ओरडून सांगायचं होतं. एवढा आ वासून बसलेलो, पण शब्द फुटेल तर शपथ.

पेंढा पाण्याने मऊ पडायचा आणि चंद्री मुकाट्याने खायची. जयवंत खूश. पेंड बंदच झाली. हळूहळू तिच्या बरगड्या दिसू लागल्या, दूध आटलं आणि एका सकाळी ती उठलीच नाही.

जनावरांचे डॉक्टर आले. डबा बघून म्हणाले, "ही पिठावर चालते हो. पेंढ्याची काडी सुतासारखीच चिवट, ती फोडणारी एन्झाइमं वेगळी असतात. आणि ती घातली तरी पेंड लागतेच."

जयवंतने शेजारच्या तबेल्यातून मूठभर पेंड मागून आणली. चंद्रीने नुसती हुंगली. दुपारी ती गेली.

संध्याकाळी जयवंतने माझ्यावरचा पंचा उचलला. त्याची खळ पार गेलेली. तो उजेडात धरून बघत राहिला.

"सुभद्रा, एक सूत तुटूक नाय गो. मगे काडी काय खातली? ह्या माका कळूक होया होता." आणि तो माझ्या कडेला डोकं टेकून रडला. मी काय करणार? लाकूडच मी.

मित्रांनो, मुकं जनावर तुम्ही पुढ्यात टाकाल ते खातं. त्याच्या अंगी काय लागतं, ते आधी जाणत्याला विचारा.

गोठा आता रिकामा आहे. तरी सुभद्रा सकाळी माझ्यात पाणी ओतते. "चंद्री, ये गो," तिच्या तोंडून निघून जातं आणि मग ती कळशी तशीच हातात धरून उभी राहते.