तीन फूट आत

मी एक जुनं लाकडी कुंपण आहे. मित्रांनो, आधीच कबुली दिलेली बरी: मी चुकीच्या जागी उभं आहे. कॅलिफोर्नियातल्या आमच्या डोंगराळ गावात ही गोष्ट वर्षानुवर्षं मोजक्याच माणसांना ठाऊक होती.

माझ्या फळ्या देवदाराच्या. वेंडेलने त्या लाकूडगिरणीतून आणल्या, तो तिथेच कामाला होता. खड्डे खणले शेजारच्या हॅलने. हद्दीचा लोखंडी खुंटा नासपतीच्या झाडापलीकडे होता, म्हणजे झाड वेंडेलचं. पण ते लावलं होतं हॅलच्या आईने. वेंडेलने आखणीची दोरी तीन फूट अलीकडे, आपल्याच अंगणात ओढली.

"अरे, ही जमीन तुझी आहे!" हॅल म्हणाला.

"असू दे. नासपती तू खा, आणि पालाही तूच झाड."

ना कागद, ना सही. कुंपणच शेत खातं म्हणतात. मी मालकाचं खाल्लं, पण त्याच्याच हुकमाने.

दर मे महिन्यात वेंडेल माझ्या आतल्या बाजूला तेल लावायचा आणि हॅल बाहेरच्या. येणारेजाणारे थांबून माझं कौतुक करत. पुढे हॅल वारला आणि ते घर डार्लीन नावाच्या बाईने घेतलं. तिने घर रंगवलं, पण कुंपणाची पाठ कोणाला आठवते? माझी ती बाजू कोरडी पडली, करडी झाली. वाईट वाटायचं.

मग गावात घरी गांजाची झाडं लावण्याचे नवे नियम आले. घरोघरी कागद वाटले गेले. वेंडेलने चष्मा लावून तो बायकोला, ओपलला, मोठ्याने वाचून दाखवला. "घरटी सहा झाडं, माणसं कितीही असोत. फक्त मोठ्यांसाठी. सहा फुटी कुंपण हवं, रस्त्यावरून दिसता कामा नये. मुलांचा हात पोचू नये म्हणून फाटकाला कुलूप. हद्दीपासून दहा फूट आत. आणि भाडेकरू असेल तर घरमालकाची लेखी संमती."

"आपल्याकडे मालक कोण?"

"तू."

"मग दिली संमती. लाव," ओपल म्हणाली.

ओपलच्या बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते, तिला स्वतःची बटणंही लावता येत नसत. त्या झाडांची फुलं तेलात शिजवून वेंडेल मलम करी. ते चोळलं की तिचा दिवस बरा जाई. वेंडेलने माझी उंची दोन फुटांनी वाढवली आणि जिथे ऊन पडतं तिथे, माझ्यापासून साडेसात फुटांवर, झाडं लावली. त्याचा हिशेब खुंट्यापासूनचा होता.

सप्टेंबरात फुलं धरली आणि वास सुटला. डार्लीन माझ्या पलीकडून ओरडली, "वेंडेल, माझ्या उशांनासुद्धा हा घाण वास लागलाय!"

"आणखी तीन आठवडे, बाई. मग कापणीच आहे."

तिने तक्रार केली. तिचंही काही चुकलं नाही. तपासनीस तेरेसा आली. तिने मोजफितीचं टोक माझ्या फळीला अडकवलं.

"साडेसात. दहा हवेत. हद्दीबद्दल काही सांगायचंय?"

वेंडेलने नासपतीकडे पाहिलं. "नाही."

दहा दिवसांत झाडं काढा, अशी नोटीस लागली. तोवर फुलं पिकणार नव्हती आणि मुळं इतकी खोल होती की झाडं हलवताही येत नव्हती.

"सांग ना तिला खरं," ओपल म्हणाली.

"मग नासपतीचंही सांगावं लागेल. ते झाड त्या घराचं, असा हॅलला शब्द दिलाय मी."

"बरं. माझ्या बोटांना काय सांगू?"

मित्रांनो, त्या दिवशी तोंड नसल्याचं मला फार दुःख झालं.

नवव्या दिवशी सकाळी वेंडेल करवत घेऊन आला. पलीकडे डार्लीन गळलेल्या नासपती दाताळ्याने ओढत होती. दाते कशावर तरी खणकन आदळले. तिने गवत बाजूला केलं. नंबर कोरलेला लोखंडी खुंटा होता. तिने खुंट्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता ही गवत परत लोटणार, असंच मला वाटलं.

"वेंडेल! हा हद्दीचा खुंटा ना?"

"पाला टाक त्यावर."

"म्हणजे झाड तुमचं? चौदा वर्षं तुमच्याच नासपतीचा मुरंबा मी तुम्हाला देतेय, आणि तुम्ही वर आभार मानता?"

"मुरंबा छान असतो," वेंडेल म्हणाला.

तिने स्वतःच तेरेसाला बोलावलं. कचेरीतला नकाशा आला, फीत या वेळी खुंट्यापासून लागली. साडेदहा फूट. नोटीस रद्द झाली.

"आता कुंपण हलवायचं का?" डार्लीनने हळूच विचारलं.

"आहे तिथे बरं आहे," वेंडेल म्हणाला. "पण या वेळी कागद करू. मी गेल्यावर कुंपण काही साक्ष देणार नाही."

म्हणून सांगणं एवढंच, मित्रांनो. कुंपणाला फीत लावण्याआधी, ते तिथे का आहे हे आतल्या माणसाला विचारा. आणि वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, दोन्ही बाजूंनी.

सप्टेंबरात डार्लीन अजूनही खिडक्या लावून घेते. पण या मे महिन्यात ती ब्रश आणि तेलाचा डबा घेऊन माझ्या पाठीशी आली. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, तिला निघेना. ओपल फाटकातून वळसा घालून आली आणि तिने ते आपल्या बोटांनी उघडलं. जरा वेळ लागला, पण उघडलं.