डाव्या बाजूचं दूध

डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या आणि बिलकीस मान डोलावत होती. कळत काहीच नव्हतं, पण समजावणाऱ्याचं मन मोडू नये एवढी रीत तिला होती. नांदेडच्या त्या दवाखान्यात तिच्या डाव्या छातीतली गाठ काढून झाली होती. मग रक्त कुठंतरी लांब तपासायला पाठवलं होतं, त्याचा निकाल आज आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या एका जीनमध्ये बदल आहे, जन्मापासूनच आहे. त्याला म्युटेशन म्हणतात. गाठ होण्यात त्याचा हात आहे.

"जन्मापासून?" बिलकीस म्हणाली. "मग इतकी वर्षं काय झोपून राहिला होता का?"

"तसंच समजा," डॉक्टरीणबाई हसल्या. "पण हे तुमच्याकडून लेकरांकडं गेलेलं असू शकतं. त्यांची तपासणी करायला पाहिजे. सोमवारी घेऊन या."

शेजारच्या खुर्चीवर मनतशा बसली होती. तिची एकुलती एक लेक, नांदेडलाच दिलेली, मांडीवर तान्ही इकरा. म्हणजे लेक अगदी हाताच्या अंतरावर होती. आणि बिलकीसच्या काळजात धस्स झालं ते तिकडं लातुरात, फळ्यापुढं उभं राहून शिकवत असलेल्या दुसऱ्याच पोरीसाठी! बिलकीसचं डोकं कधी कुठं धावेल याचा नेम नव्हताच. या वेळी मात्र ते धावलं त्याला कारण होतं.

लातूरच्या भूकंपाच्या साली बिलकीस तिथंच राहायची, नवी आई होती. नवरा रियाज जातीचा पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या नि रजया भरायच्या, हा पिढीजात धंदा. भूकंपानंतर लातूरच्या दवाखान्यात माणसं जमिनीवर पडली होती, म्हणून तो होत्या नव्हत्या तेवढ्या गाद्या टाकून आला. येताना त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली एक पोर होती. मागं अण्णाराव, औसा तालुक्यातला शेतकरी, डोक्याला पट्टी बांधलेला. त्याची बायको गंगम्मा घराखाली गेली होती. पोर जिवंत निघाली होती आणि बाटलीला तोंड लावत नव्हती. तिच्या गळ्यात लिंगायतांच्या रीतीचा लिंगाचा दोरा होता. बिलकीसनं तो हळूच बाजूला सारला, पदर ओढला आणि पोरीला छातीशी लावलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

तीच अक्षरा. वर्षभर ती बिलकीसच्या अंगावर वाढली. मनतशा नि ती एकदम भुकेजायच्या, एकदम टाहो फोडायच्या आणि एकमेकींच्या तोंडचं ओढायला बघायच्या. शेवटी बिलकीसनं वाटणीच करून टाकली: उजवी बाजू मनतशाची, डावी अक्षराची. या वाटणीत तिनं कधी हयगय केली नाही. आईविना आलेल्या पोरीला आपल्या हातून थेंब कमी पडला असं वरच्यानं म्हणायला नको, हे तिच्या मनात पक्कं होतं.

दूध एक झालं की नातं पक्कं होतं, रक्ताइतकंच. त्या नात्याला त्यांच्यात रजाई म्हणतात. "ये दोनों रजाई बहनां," असं बिलकीसच्या सासूनं अण्णारावाला सांगितलं. रियाजच्या दुकानात बसलेला अण्णाराव चहूबाजूंनी रजयांनी वेढलेला. त्याला वाटलं, दोघी एका रजईत झोपतात म्हणून हे नाव. त्यानं गावभर तसंच सांगितलं. रियाज हसून हसून कापसात लोळला, पण त्याची चूक कुणी दुरुस्त केली नाही. इतकं गोड चुकणाऱ्या माणसाला दुरुस्त करावं तरी कशाला!

पुढं लातूर शिकवण्यांचं गाव झालं. गल्लोगल्ली क्लास आणि वसतिगृहं निघाली, नि रियाजच्या गाद्यांना उसंत राहिली नाही. अक्षरा त्यातल्याच एका क्लासात जीवशास्त्र शिकवायला लागली. चौकातल्या फलकावर तिचा फोटो लागला तेव्हा बिलकीस रिक्षा थांबवून तो बघत बसली होती.

आणि आता गाठ निघाली होती ती डावीकडं. अक्षराच्या बाजूला. डॉक्टरीण म्हणते जन्मापासूनचा बदल, लेकरांकडं जातो. मग गेला कुणाकडं? जिनं ती बाजू प्यायली तिच्याकडंच की! बिलकीसला यात शंका घ्यायला जागाच दिसेना. आईविना पोर म्हणून कवटाळली आणि आपणच तिला विष पाजलं, ही गोष्ट तिला आतून खायला लागली.

मनतशाच्या घरी आल्याबरोबर तिनं अक्षराला फोन लावला. "इतवारी ये," एवढंच म्हणाली.

"अम्मी, इतवारी क्लासातल्या पोरांची टेस्ट हाय. काय झालंय?"

"ये म्हणलं की यायचं."

मग इतवार येईपर्यंत बिलकीस रडली. नमाजच्या चटईवर रडली, भाजी निवडताना रडली. दुवा मागायची ती एकच: या अल्ला, माझ्या अक्षराला वाचव, बिन माय की बच्ची आहे. मनतशा ताट घेऊन यायची नि तसंच परत न्यायची. एकदा ती जवळ बसून म्हणाली, "अम्मी, डॉक्टरीणबाई काय म्हणल्या ते मला…"

"तुला काय कळतंय त्यातलं? तू गप बस," बिलकीस खेकसली.

मनतशा गप बसली. तशी ती लहानपणापासून कमीच बोलायची, त्यामुळं बिलकीसला त्यात वेगळं काही दिसलं नाही. आजारपणात माणूस आपलंच घेऊन बसतं, हे खरं. पण बिलकीस तर आपलंही घेऊन बसली नव्हती.

अक्षरा एसटीनं आली. चप्पल काढायच्या आत बिलकीसनं तिचे दोन्ही हात धरले. "बेटा, मला माफ कर. मी जाणूनबुजून न्हाई केलं. माझ्या डाव्या बाजूचं दूध तुला पाजलं, अन् त्याच बाजूला हे निघालं. तुलाबी लागलं असंल. उद्या रक्त दे."

अक्षराला आधी काही बोध होईना. मग झाला तशी ती हसू लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिनं बिलकीसला खाली बसवलं.

"अम्मी, हे दुधातनं येत न्हाई."

"कसं न्हाई? जन्मापासून अंगात हाय म्हणली ती."

"हाय ना. आता बघ, आपलं अंग रोज नवं विणलं जातं. विणताना चुका होतात, धागा तुटतो. त्या चुका नीट करायला अल्लानं प्रत्येक पेशीत रफू करणारे ठेवलेत. ह्यातला एक रफूगर दोन प्रतींत येतो, एक माय देते, एक बाप देतो. तुझा एक जन्मापासूनच नादुरुस्त होता. दुसरा काम करून राहिला होता, म्हणून इतकी वर्षं निभावलं. मग छातीतल्या एखाद्या पेशीत तोबी बसला. तिथं चुका साठत गेल्या, अन् गाठ झाली."

रफू म्हटल्यावर बिलकीसला थोडं कळल्यासारखं झालं, पण लगेच पुन्हा गुंता झाला. "माझ्या अम्मीला तर असलं काही नव्हतं."

"तुझ्या अब्बांकडनं आला असंल."

"छातीचा आजार बापाकडनं?" बिलकीसनं तोंडावर हात ठेवला. मग तिला मुखेडची फुफी आठवली, बापाची सख्खी बहीण, जी छातीला फडकं बांधून फिरायची नि कुणाला दाखवायची नाही. ती लवकरच गेली होती. फुफीवरनं बिलकीसचं मन पुन्हा अक्षराकडं आलं.

"मग तुझ्याकडं न्हाई आला?"

"तुझ्याकडनं यायचा रस्ताच न्हाई, अम्मी. तो रक्तानं जातो. माझे रफूगर गंगम्माचे अन् अण्णांचे."

हे ऐकून बिलकीसनं आकाशाकडं हात उचलायला हवे होते. उचललेही. पण हात खाली येईपर्यंत तिच्या मनाला कसलासा चटका बसला. पोर वाचली, आणि वाचली ती आपली नाही म्हणून! हे सुख मानावं की दुःख, तिला उमगेना.

"म्हणजे तू माझी कुणीच न्हाईस का गं?" ती लहान पोरासारखी म्हणाली. "आमच्यात तर दूध म्हणजे रक्तच मानतात."

"ते खरंच हाय. नात्याला लागू हाय, आजाराला न्हाई." अक्षरानं तिचं डोकं खांद्यावर घेतलं. "तुझं दूध पिऊन मला काहीच झालं न्हाई, मी फक्त जगले."

बिलकीसनं डोळे पुसले. मोठा भार उतरला होता, आणि भार उतरल्यावर डोकं पहिल्यांदाच सरळ चालायला लागलं. "मग डॉक्टरीण लेकराला बोलव म्हणली, ते कुणाला?"

अक्षराची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली. बिलकीसनंही वळून पाहिलं. दारात मनतशा उभी होती, खांद्यावर इकरा झोपलेली.

"मला," मनतशा म्हणाली.

बिलकीस तिच्याकडं बघतच राहिली. ही पोर त्या दिवशी शेजारच्याच खुर्चीत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि आईपेक्षा चांगलं समजून घेतलं होतं.

"बोलली का न्हाईस?"

"बोलायला आले होते. तू गप बस म्हणलीस." मनतशाचा आवाज चढला नाही. "अन् तू अक्षरासाठी एवढी रडून राहिली होतीस, त्यात मी मधे काय येऊ?"

अक्षरा घाईनं म्हणाली, "मन्तू, आलाच असंल असं न्हाई. निम्मी शक्यता. अन् आला तरी गाठ होईलच असंबी न्हाई. आधी कळलं तर सांभाळता येतं, डॉक्टर सांगतील कसं ते."

"ठाऊक हाय मला. वाचलंय मी." मनतशानं इकराच्या पाठीवरून हात फिरवला. "निम्मी मला. मला असला तर निम्मी हिला."

बिलकीस उठली. आपण आठवडाभर ज्या अल्लाकडं पदर पसरला त्याला या लेकीचं नावसुद्धा सांगितलं नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. तिला लाज वाटली, भीती वाटली, आणि दोन्हींतलं आधी काय वाटलं तेही सांगता आलं नसतं. तिनं मनतशाला नि इकराला दोघींना मिळून जवळ ओढलं.

मनतशा तिच्या खांद्यात तोंड घालून म्हणाली, "अम्मी, माझ्यासाठीबी थोडं रड की."

बिलकीस रडायला गेली, आणि तिला रडूच येईना; सगळं अक्षराच्या वाटणीला गेलं होतं.