उपडा पेला

लातुरात स्पोर्ट्स कार घेणं म्हणजे विहिरीत होडी सोडण्यासारखं आहे, हे मिहिरला सांगायचं कुणी बाकी राहिलं नव्हतं. पण क्लासमध्ये फिजिक्स शिकवून शिकवून घसा बसलेल्या माणसाला एखादी हौस नसावी का? हैदराबादहून त्याने जुनी, दोनच माणसांची, पिवळीधमक गाडी आणली आणि पहिल्याच दिवशी ती क्लाससमोरच्या स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसली. तो स्पीडब्रेकर महापालिकेत खेटे घालून मिहिरनेच करून घेतला होता. डॉक्टर व्हायला निघालेली शेकडाभर पोरं बाहेर आली आणि त्यांनी सरांची गाडी उचलून पलीकडे ठेवली. पुढे आठवडाभर घर्षण हा शब्द उच्चारला की मागच्या बाकांवर खसखस पिकायची.

म्हणून तो औसा रोडला अजहरच्या दुकानी गेला. चाकं आणि शॉकअप हा अजहरचा धंदा. मिहिरच्या आईच्या, म्हणजे विशाखाबाईंच्या हाताखाली तो सातवीपर्यंत शिकलेला होता आणि त्यांचं नाव निघालं की अजून त्याचा हात आपसूक कानाकडे जायचा.

मिहिरने मोबाइलमधला फोटो दाखवला. मोठी, काळी, पातळ आऱ्यांची चाकं. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर तो अशीच चाकं काढायचा.

"बसतील," अजहर म्हणाला. "गाडी जराशी उचलून पण देतो, ब्रेकरला लागणार न्हाई. पण सर, चाक मोठं म्हणजे रबर पातळ. पातळ रबर आन् कडक स्प्रिंग. रस्त्यात खडा आला तर तो गोल हाय का चौकोनी, ते बुडाला कळतं."

"मला चालेल."

"तुम्हाला चालंल हो. बाईंना कुठं नेणार हाव का न्हाई?"

खरा प्रश्न तोच होता. नांदेडला अपूर्वामावशी पुढच्या महिन्यात कॉलेजातून निवृत्त होणार होती आणि आईने निरोप समारंभाला यावं म्हणून तिने फोनवर रडून घेतलं होतं. आई भूकंपानंतर लातुरात राहायला आली ती लातूर सोडून कुठेही गेली नव्हती. भूकंप झाला तेव्हा ती औसा तालुक्यातल्या एका गावात शिकवायची. गणपती बोळवून गाव झोपलं होतं, पहाटे माळवद खाली आलं, आणि बाबांनी तिला मातीदगडातून ओढून काढलं. पाठीला मार होता. त्यानंतर कुठल्याही गावाचं नाव काढलं की आई म्हणायची, "माझी पाठ." बाबा होते तोवर स्कूटरवरून तिला असे न्यायचे, की जणू मागे दुधाचं भरलेलं पातेलं ठेवलंय. ते गेल्यावर दूध सांभाळायचं काम मिहिरकडे आलं.

पाठीइतकीच आईची दुसरी एक गोष्ट घरात कुणी मोडत नसे. झोपताना ती उशाशी तांब्या उपडा ठेवायची, त्यावर एक छोटी ताटली आणि ताटलीवर पेला, तोही उपडा. भूकंपानंतर त्या भागात पुष्कळ घरांत असं करायचे. जमीन जराशी हलली तरी पेला खणकन पडावा आणि माणूस उठून बाहेर पळावा. बाकीच्यांनी हळूहळू सोडलं. आईचा पेला पंचवीस वर्षं उशाशी होता.

मिहिरला युक्ती सुचली ती तिथूनच. त्याने तसाच एक तांब्या, तशीच ताटली, तसाच पेला आणला आणि गाडीच्या डाव्या सीटवर पाट ठेवून त्यावर ती उतरंड रचली. ज्या जोडणीत पेला पडणार नाही, ती आईची जोडणी.

"सर, हे तुमच्या पुस्तकात हाय का?" अजहरने विचारलं.

"ह्यालाच प्रयोग म्हणतात."

मोठ्या चाकांवर पेला दुकानाच्या दारातच पडला. स्प्रिंग जरा ढिली केली, तर पेट्रोल पंपापर्यंत टिकला. शेवटी जुनीच लहान चाकं, त्यांवर जाड टायर, आणि सगळ्यांत मऊ स्प्रिंग, असं केलं तेव्हा पेला औशाच्या वाटेने जाऊन आला आणि जागचा हलला नाही. अजहरने पाठ थोपटावी तशी गाडी थोपटली. काळी चाकं त्याने पुन्हा खोक्यांत भरली. मिहिर ती खोकी बंद होईपर्यंत बघत राहिला. त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं, पण आईपुढे चाकं काय घेऊन बसायची, असं म्हणून त्याने बिल भागवलं.

रविवारी त्याने आईला खाली आणलं. "ही गाडी आहे का पंगत? भुईलाच बसायचं?" असं म्हणत ती एकदाची आत बसली. मांडीवर तिची पिशवी, पिशवीत तिचा स्वतःचा पेला-तांब्या. मिहिरने तिला मोबाइलमधला काळ्या चाकांचा फोटो दाखवला आणि पाटावरची युक्ती मोठ्या अभिमानाने सांगितली, तेव्हा तिने आपली भांडी काढली आणि समोरच्या सपाट जागेवर मांडून पाहिली. राहिली.

गाडी निघाली. खरोखर लोण्यासारखी चालत होती. खड्डा यायचा आणि गाडी नुसती खाली जाऊन वर यायची, पुन्हा खाली, पुन्हा वर, आणि मग कुठे शांत व्हायची. गावाबाहेर रस्ता उसवलेला होता. तिथे ती डावी-उजवीकडे सावकाश डुलायला लागली. मिहिर मनात म्हणाला, ह्यालाच सरल आवर्त गती म्हणतात, पोरांनो.

"थांबव," आई म्हणाली.

त्याने पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. एक हात दाराच्या मुठीवर आणि नजर पेल्यावर.

"पाठ दुखली?"

"थांबव म्हणते ना."

त्याने गाडी बाभळीखाली घेतली. आई उतरली आणि दोन्ही पाय जमिनीवर दाबून उभी राहिली. मिहिर पाण्याची बाटली घेऊन तिच्यापुढे नुसता उभा. आपण आईला पुन्हा त्या पहाटेत नेऊन सोडलं, एवढं त्याला कळलं होतं. कसं, ते कळलं नव्हतं.

"हे असंच झालं होतं," ती म्हणाली. "लोकांना वाटतं धक्का बसला. धक्का नंतर. आधी हे असं डुलायला लागलं सगळं. आणि तो पेला बघ. मेला पडत नाही. सगळं हलतंय आणि पेला गप्प."

"पण पाठीला त्रास होऊ नये म्हणून मी..."

"पाठीला काय झालंय? पाठ कधीच बरी झाली. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं." तिने त्याच्या हातातली बाटली घेतली. "चाळीस पोरांना दरडावणाऱ्या बाईने भीती वाटते म्हणायचं कसं? पाठ म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही."

इतकी वर्षं जी पाठ सगळ्यांनी सांभाळली, ती सांभाळायला नकोच होती, आणि जे सांभाळायला हवं होतं ते ती एकटीच उशाशी मांडत होती. त्याचे डोळे भरून आले. आईने ते पाहिलं आणि विषय बदलला.

"फोटोत दाखवलीस ती काळी चाकं कुठायत?"

"परत दिली. फार हादरे बसतात."

"चल, अजहरकडे."

अजहर बाईंना पाहून स्टुलावरून उठलाच. आईने त्याला सांगितलं, ती मोठी चाकं बसव आणि ते स्प्रिंगचं काय असतं ते कडक कर.

"बाई, लई दणके बसतील."

"बसू देत. पुढे खड्डा दिसतो, मग दणका बसतो. दिसून आलेल्या दणक्याचं मला काही नाही. आणि बसला की बसला, संपला. हे झुलणं नको मला."

अजहरने मिहिरकडे पाहिलं. मिहिर म्हणाला, "बसव," आणि आपला आनंद चेहऱ्यावर फार दिसू नये म्हणून त्याने तोंड फिरवलं. पण आई ती आई. "हस, हस," ती म्हणाली.

निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी ते नांदेडला निघाले. पहिल्याच ब्रेकरला पेला खणकन आईच्या पायाशी पडला. तिने उचलून ठेवला. पुढच्या खड्ड्याला पुन्हा पडला. "आला बघ, डावीकडे मोठा आहे," ती आता आधीच सांगायला लागली, आणि दणका बसला की मान डोलवायची, एखाद्या पोराने बरोबर उत्तर दिल्यासारखी. अहमदपूर येईपर्यंत पेला इतक्यांदा पडला की ती वैतागली. तिने पेला-तांब्या-ताटली उचलली, दाराच्या कप्प्यात कोंबली आणि म्हणाली, "याला काही कळत नाही." लोह्याच्या पुढे मोकळा रस्ता लागला तेव्हा तिने विचारलं, "एवढीच पळते का?"

मावशीचं घर दुसऱ्या मजल्यावर. दोघी बहिणी जिन्यातच गळ्यात पडून रडल्या, मग जेवतानाही बोलतच होत्या. ड्रायव्हिंगने मिहिरचं अंग मोडलं होतं, तो हॉलमध्ये आडवा झाला तो थेट उन्हं आल्यावर उठला. नव्या चाकांवरची धूळ पुसावी म्हणून फडकं घेऊन खाली गेला, डावं दार उघडलं, आणि कप्प्यात तांब्या, ताटली, पेला तसेच पडलेले दिसले.

तो फडकं तिथेच टाकून दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. आतल्या खोलीत आई कुशीवर झोपली होती. उन्हाचा पट्टा पार तिच्या खांद्यापर्यंत आला होता. तोंड किंचित उघडं, उशाशी फक्त चष्मा.

मावशी चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली. "उठवू का? समारंभाला उशीर होईल."

"नको," मिहिर म्हणाला. "झोपू दे."